काळ्या रेघांची पट्टी

चिमटा उघडला आणि त्याच्या सांध्यातून लाल डाग पांढऱ्या कापसावर उतरला. सर्जन ओरडला, पण उशीर झाला होता. त्याच संचातले इतर चिमटे रोगी बाईच्या पोटात वापरून झाले होते. आता ती बाई तापाने फणफणत पडली होती, आणि हत्यारं धुणारीला पोलिसांत द्यायची तयारी चालली होती.

आरोग्य खात्याची तपासनीस आली, तेव्हा तिला कुणी 'बसा' म्हटलं नाही.

"यात तपासायचं काय?" थिएटरची मुख्य सिस्टर म्हणाली. "पुडक्यावरची पट्टी बघा. वाफेत गेल्याशिवाय तिच्यावर काळ्या रेघा उमटत नाहीत. म्हणजे मशीन चाललं. तरी रक्त राहिलं, म्हणजे धुणारीने डोळे मिटून धुतलं. सख्खी भावजय आहे माझी, तरी सांगते."

"तरी नाही वन्सं, म्हणूनच," धुणारी भिंतीजवळून म्हणाली.

तपासनीस बाईने जपून ठेवलेली पट्टी उलटी केली. चिकट बाजूला हिरवे धागे अडकले होते.

"हत्यारं कशात बांधता?"

"निळ्या कापडात," धुणारी म्हणाली.

"आणि हिरव्यात?"

"डॉक्टरांचे गाऊन."

"पट्टी?"

"गुंडाळीवरून नवी लावते."

"वाफवलेली पुडकी उघडतं कोण?"

"फक्त थिएटरात उघडतात. आमच्याकडे उघडलं, तर सगळं पुन्हा वाफवावं लागतं."

सर्जन दारात उभा होता. "आटपा. माझा रोगी टेबलावर आहे."

"डागाचा रंग कसला होता, डॉक्टर?"

"लाल. रक्त काय निळं असतं?"

"या बाईच्या लगेच आधी तुम्ही आणखी एक शस्त्रक्रिया केली होती?"

"केली होती."

"मग या बाईसाठीचे चिमटे कुठून आले?"

"ते मी का बघू? मी मागतो, सिस्टर देते. वाट बघायची मला सवय नाही."

"तेच तर झालं," तपासनीस म्हणाली. "रक्त वाफेत भाजलं की काळपट तपकिरी होतं. हे लाल होतं, म्हणजे या चिमट्यांना वाफ लागलीच नाही. मग रेघा काळ्या कशा? पट्टी जुनी होती. आधी ती हिरव्या गाऊनच्या पुडक्यावर होती. तिथलेच धागे तिला चिकटलेत. ती पट्टी फक्त थिएटरात सुटते. धुणारीच्या हाती ती पडतच नाही. सिस्टर, दुसरा संच मागवायला तुम्ही विसरलात. बाई गुंगीत, डॉक्टर डोक्यावर. आधीच्या शस्त्रक्रियेचेच चिमटे तुम्ही नळाखाली धरलेत, निळ्या कापडात बांधलेत आणि पुडकं वाफवलेलं वाटावं म्हणून सुटलेली पट्टी वर चिकटवलीत."

"पुरावा काय? थिएटरात दहा जण असतात!"

"पट्टीवर बोटांचे ठसे आहेत. हातमोजे घालून ती चिकटवता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. देता ठसे?"

सिस्टरने हात पाठीमागे नेले. मग ती सर्जनवर उसळली, "तुम्ही ट्रे फेकून मारता! माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं!"

"माझं नाव यात आणायचं नाही," सर्जन म्हणाला.

"तुमचं नाव अहवालात वरच आहे," तपासनीस म्हणाली. "पोलीस शिपायाला बोलवा. सिस्टर, चला."

जाता जाता सिस्टर भावजयीपाशी थांबली. आवाज उतरला होता. "वहिनी, दादाला एवढ्यात काही सांगू नकोस."

"मी कशाला सांगू?" धुणारी म्हणाली. "माझं सांगताना तुम्ही सगळ्या घराला गोळा केलं होतं. आताही तसंच करा."