घाटाआधीची सोबत

"हवं तेवढं घाबरा, पण उतरू नका. भीती चढते तशी ओसरतेही... तिला फक्त वेळ द्या."

पूनम मॅडमचं हे बोलणं मी रोजच्या पोथीइतक्याच श्रद्धेनं आठवते. त्या नागपूरला समुपदेशक, मी मोताळ्याजवळच्या खेड्यात. आमची भेट फक्त स्क्रीनवरची.

राजूर घाटात, भरल्या बसमध्ये एकदा माझा श्वास अडकला होता. त्यानंतर दोन वर्षं मी बसची पायरी चढले नाही. बुलढाण्याचं एम.ए. सुटलं. उपास धरले; देवानं वाट दाखवली ती ही – ऑनलाइन उपचारांची. आठवड्याला एक धडा, लिहून पाठवायचा गृहपाठ, आणि शनिवारी मॅडमशी बोलणं.

घरी रेंज नाही, म्हणून गावातल्या सेवा केंद्रात गेले. पहिल्याच फॉर्मवर अडले.

"अहो, भीती किती, तर मी अकरा टाकते... हे घेतच नाही."

केंद्र चालवणारा शेखर वाकून पाहू लागला. "दहाच्या वर नाही जात ते. अकरा काऊन?"

"शून्यावर संपणारा आकडा कसा टाकू?"

"भीती आहे का आहेर?"

मी रागावले... आणि मग हसूच आवरेना.

शनिवारी माझं बोलणं चालू असलं की तो बाहेर पायरीवर बसायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, "आत पूजा चालू आहे, तासाभरानं या."

मॅडमनी टप्पे आखून दिले. आधी नुसतं थांब्यावर उभं राहायचं, मग बसनं एक गाव, मग दोन, शेवटी घाट. दर वेळी भीतीचा आकडा लिहायचा.

"मलेही मोताळ्याले काम आहे," शेखर म्हणाला.

"रोज?"

"रोजचंच काम आहे ते."

तो दोन सीट मागे बसायचा. काचेत त्याचे डोळे दिसायचे – मी पाहिलं की झुकायचे. आकडा आठावरून तीनवर आला.

"सोबत कोणी असतं का?" मॅडमनी विचारलं. खोटं बोलणं माझ्या नेमात नाही. सांगितलं.

त्या हसल्या. "माणूस चांगला दिसतोय. पण तो नसताना आकडा किती?"

मी लिहिलेले आकडे चाळले; त्याच्याशिवायचा एकही नव्हता.

"मग घाट एकटीनं, पुष्पांजली."

बाहेर येऊन शेखरला सांगितलं.

"बरंच झालं. मले तुम्हाले काहीतरी विचारायचं होतं. पण मी मागं बसतो म्हणून तुम्ही हो म्हणसान, तर... तसं हो नको मले."

"काय... विचारायचं होतं?"

"बुलढाण्याच्या स्टँडवर विचारीन. सोमवारी. मी पहिल्या गाडीनं वर जातो."

"आणि मी आलेच नाही तर?"

"तर पुढच्या सोमवारी. मले काय, बाकडं आहे तिथं."

"येईन," मी म्हटलं. "एकटी."

सोमवारी तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. मागितलं काहीच नाही. नुसते आभार मानले – कधी न भेटलेल्या मॅडमचे, आणि आधार होऊन बाजूला होणाऱ्या त्या माणसाचेही. आईला म्हटलं, "येते." तिनं कुठे ते विचारलं नाही; पदरानं डोळे तेवढे टिपले.

बस आली. मी दांडा धरला, चढले, खिडकीपाशी बसले.

"कुठं, ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"बुलढाणा," मी म्हटलं.

त्यानं घंटी मारली.