शाकाहारी मासा

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात, मांडवगण फराटा गावच्या वळणावर महेंद्रची मोटरसायकल घसरली. मागचं पोतं फाटलं आन् माशांचं खाद्य रस्ताभर सांडलं. तो उठायच्या आत रस्त्याकडेला शेळ्या राखणाऱ्या गौतमीच्या शेळ्यांनी त्यावर ताव मारला.

"अवो, हाकला की त्यांना! कंपनीचा माल हाय."

"माशांचं खाद्य शेळ्या कशा काय खात्यात?"

"सोयाबीनची पेंड हाय त्यात. मासळीची भुकटी न्हाई. समुद्रातला मासा वाचतो, निसर्ग वाचतो…" गुडघ्यातून रक्त गळत होतं, तरी गडी पाठ केलेलं म्हणत होता.

"आधी गुडघा वाचवा," गौतमी हसली आन् बाटलीतलं पाणी तिनं त्याच्या जखमेवर ओतलं. पाणी थंड होतं… पण कान मात्र त्याचे तापले.

मग दौंडचा महेंद्र दर आठवड्याला यायला लागला. गौतमीचे वडील कोंडिबा आबा मत्स्यतळं चालवायचे. महेंद्र खाद्य कमी विकायचा, चहाच जास्त प्यायचा.

एकदा तळ्याच्या बांधावर तिनं विचारलं, "ते सोयाबीन कुठल्या रानातनं येतं? त्याला पाणी कुठलं? पेंड माशाला गेली तर गाईनं काय खायाचं?"

"कंपनी म्हणती…"

"परवा म्हणालात, माझ्याबिगर करमत न्हाई. तेबी कंपनीच म्हणती का?"

तो हसला. ती हसली नाही.

"आबांचं तळं तुमच्या शब्दावर हाय. ठाऊक नसलेलं जो छातीठोक सांगतो… त्याच्या घरात मी कशी यायची?"

त्या दिवशी महेंद्र चहा न पिताच निघाला.

पुढच्या सोमवारी बापूसाहेबांच्या अंगणात कंपनीचा मेळावा भरला. मागं फलक – 'शंभर टक्के शाकाहारी खाद्य'. गावचे पुढारी बापूसाहेब तो वाचून उभेच राहिले. "म्हंजी हा मासा श्रावणात चालतोय!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्यांची बायको सिंधूबाई मागून म्हणाली, "आपलं बोकडबी जन्मभर पालाच खातंय की!"

हसण्याचा गलका झाला. कंपनीच्या साहेबानं घाईघाईनं महेंद्रला उठवलं. "निसर्गाचं सांग."

गौतमी बायांच्या घोळक्यातनं पुढं सरकली.

"खाद्यात मासळी न्हाई, हे खरं," महेंद्र म्हणाला. "निसर्ग वाचतो का… मला ठाऊक न्हाई. सोयाबीन कुठनं येतं, कुणाच्या पाण्यावर, मी साहेबांना इचारलं. उत्तर मिळालं न्हाई. मिळेपर्यंत मी ते म्हणणार न्हाई."

साहेबानं जागेवरच कंपनीच्या मोटरसायकलची चावी मागून घेतली.

संध्याकाळी तो फाट्यावर दौंडच्या एसटीची वाट बघत उभा होता. गौतमी शेजारी येऊन थांबली.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "घरी काय सांगू, ठाऊक न्हाई. उद्या काय करू, ठाऊक न्हाई… तू मला हवीस, तेवढं ठाऊक हाय."

एसटी आली. कंडक्टरनं दार उघडलं. गौतमीनं महेंद्रची बाही घट्ट धरली आन् कंडक्टरला म्हणाली, "जाऊ द्या मामा, हे येत न्हाईत."

मग त्याच्याकडं न बघताच ती घराच्या वाटेला वळली.

"चला. आबा वसरीवर बसलेत… तेवढंच सांगा त्यांना."