एकदम नाचणारे तीन काटे

तेलाचा एक थेंबही जळला नव्हता, आणि तरी टाकी अर्धी झाली होती!

हंसाने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. होडी धक्क्याला बांधलेली, मागे टांगलेलं इंजिन नुकतंच सुरू झालेलं. आजोबांनी पाणी उपसायचा पंप लावला आणि तेलाचा काटा ‘पूर्ण’वरून निम्म्यावर घसरला. इंजिनाच्या तापाचा काटा तांबड्या पट्ट्यात चढला. वेगाचा काटा तर बांधलेली होडी पळवू लागला. पंप बंद करताच तिघेही साळसूदपणे जागेवर.

“भूत बसलंय त्यात,” आजोबा म्हणाले. गावात त्यांना जोमा नाखवा म्हणत.

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा होड्या शेवाळापासून काढलेल्या तेलावर चालतील आणि प्रत्येक धक्क्यावर एक यंत्रमानव दुरुस्तीला असेल. पाणकोंडा बेटावरची सात मुलं जोमा नाखवांच्या होडीतून खाडीपलीकडच्या शाळेत जात आणि संध्याकाळी घरी येत. आज नऊ वाजता बंदराच्या तपासनीस बाई येणार होत्या. होडी नापास झाली, की मुलांची रवानगी पलीकडच्या वसतिगृहात. हंसाही त्या सातांतलीच. आईवाचून आठवडेच्या आठवडे काढायचे, या विचाराने सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

“नाखवा, तेलाच्या काट्याची तबकडी मी बदलली,” धक्क्यावरचा यंत्रमानव खटपट्या म्हणाला. “नवीही तशीच नाचते.”

“मग आता स्वतःचं डोकं बदल!”

“डोकं मागच्याच महिन्यात बदललंय.”

हंसाला हसू आलं, पण ती म्हणाली, “आजोबा, आधी बघू तरी, खोटं कोण बोलतंय ते. इंजिन की काटे?”

आजोबांनी टाकीत बांबूची काठी बुडवली. तेल वरच्या खाचेपर्यंत होतं. हंसाने इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली हात धरला. पाणी नुसतं कोमट.

“इंजिन खरं, काटे खोटे,” ती म्हणाली. “पण तीन काटे एकाच दिवशी, एकाच वेळी कसे बिघडतील? खटपट्या, तिघांमध्ये मिळून एकच असं काय आहे?”

खटपट्याच्या कपाळावरचा दिवा लुकलुकला. “परतीची तार (विजेला बॅटरीकडे माघारी नेणारी वाट). वीज लाल तारेने कामाला जाते आणि काळ्या तारेने घरी येते. काट्यांच्या, पंपाच्या, दिव्यांच्या काळ्या तारा समोरच्या पितळी पट्टीवर जमतात. तिथून एकच जाड तार बॅटरीला जाते. इंजिनाची तार मात्र वेगळी, म्हणून त्याला त्रास नाही.”

“म्हणजे आपल्या मिठागराच्या चरासारखं,” आजोबा म्हणाले. “सगळ्या वाफ्यांचं पाणी एकाच तोंडाने खाडीत जातं. तोंडाशी गाळ बसला, की थोडं पाणी सोडलं तर निघून जातं. जास्त सोडलं की तुंबतं आणि चरातली पातळी चढते.”

“अगदी बरोबर. तो गाळ म्हणजे रोध (विजेच्या वाटेतला अडथळा). काट्यांना थोडीच वीज लागते, पंपाला पुष्कळ. पंप लागला, की परतीच्या वाटेवर विजेचा दाब तुंबतो. काटे त्याच पट्टीवरून मोजायला सुरुवात करतात. मोजपट्टीचं शून्यच सरकलं, तर माप कसं बरोबर येणार?”

खटपट्याने एक जादा तार काढली. तिच्या चिमट्याचे दात पट्टीत रुतवले आणि दुसरं टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला लावलं. आजोबांनी पंप लावला. तिन्ही काटे गप्प!

“वाट मोकळी केली की काटे शहाणे. म्हणजे दोष जाड तारेत, नाहीतर तिच्या जोडात,” खटपट्या म्हणाला.

हंसा पट्टीकडे बघतच राहिली. पट्टी निळीशार होती. काल नारळी पौर्णिमेसाठी होडी रंगवताना ती काळवंडलेली पट्टी तिला बरी दिसली नव्हती. म्हणून तिने जाड तारेचा पेच काढला, पट्टीला आणि तारेच्या कडीला छान दोन हात रंग दिला आणि वाळल्यावर पेच पुन्हा आवळला होता.

तिचा चेहरा उतरला. “आजोबा... हा गाळ मीच घातला.”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे, आणि पोट धरून हसले. “अगो, भुतालापण रंग दिलास होय! घे, घास आता.”

रंगातून वीज जात नाही. पेचाच्या आट्यांमधून तेवढी बारीक वाट उरली होती. हंसाने काचकागदाने पट्टी आणि कडी लख्ख पिवळी होईपर्यंत घासली. कडी घट्ट आवळली. मग खारं पाणी शिरू नये म्हणून जोडावर वरून ग्रीस लावलं. खटपट्याने आपली जादा तार काढून घेतली.

नऊला तपासनीस बाई आल्या. त्यांनी पंप लावला, दिवे लावले, भोंगाही दाबून धरला. काटे हलले नाहीत. बाईंनी होडीच्या कपाळावर हिरवा शिक्का मारला आणि हंसाच्या पोटात भुकेची पहिली कळ आली.

भाकरी खाता खाता तिने विचारलं, “खटपट्या, शनीच्या चंद्राकडे यानं जातात, त्यांतही परतीची तार असते?”

“असतेच. वीज कुठेही जावो, तिला घरी यायला वाट लागते.”

“मग तिथेही कुणीतरी लागेल, हे बघायला.” तिने काचकागदाचा उरलेला तुकडा दप्तरात टाकला आणि इतर सहा जणांना हाक मारली. शाळेची वेळ झाली होती. संध्याकाळी परत यायचं होतं.