लागतं तिथं ‘हो’ म्हणा

“बाई, हे काय गोंदून घेतलंय वो?”

मी दचकले आणि हातातला टाक निसटून मातीत पडला. इस्पितळाच्या आवारात चिंचेखाली बसून मी माझ्याच डाव्या हातावर शाईने रेघा काढत होते. कोपरापासून बोटांपर्यंत, निळ्या, तांबड्या. समोर एक उंच, सावळा माणूस उभा होता. डोक्याला फेटा, अंगात पैरण, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

“गोंदण नाही. मज्जातंतू आहेत हे,” मी तोऱ्यात म्हणाले. “मेंदूचा हुकूम हाताला पोचवतात.”

“आसं व्हय? मंग ह्यातला माझा कंचा तुटलाय, तेवढं सांगा.”

त्याने उजवा हात पुढे केला. पंजा मनगटापासून खाली नुसता लोंबत होता. बोटं हलत नव्हती.

“अगं बाई! काय झालं?”

“काय न्हाई. झोपलो तवा हात हुता, उठलो तवा न्हवता.”

रोग्याला हसू नये हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी हसले. मग त्यानेच सगळं सांगितलं. सोनईहून कुणाच्या तरी वरातीला गेला होता. परत येताना बैलगाडीत झोप लागली, दंड कठड्यावर टाकून. गाडी घरी पोचली तेव्हा हात उचलेना.

“तुटलेला नाही, दबलाय,” मी म्हणाले. मी हे आठच दिवसांपूर्वी शिकले होते, आणि शिकलेलं कुणाला तरी सांगायला माझी जीभ वळवळत होती. “हा बघा, ही निळी रेघ. हा मानेतून निघतो, दंडाच्या हाडाला मागून वळसा घालतो आणि असा खाली येतो. मनगट उचल, बोटं उघड, हे सगळे हुकूम याच्याकडे. तुम्ही नेमके त्याच्यावर झोपलात.”

तो माझ्या हाताकडे टक लावून पाहत होता. जरा जास्तच वेळ. मी पदर ओढून हात झाकला.

“म्हंजी पाटात ढेकूळ आलंय,” तो म्हणाला. “पानी वाफ्यापातूर जाईना.”

“अगदी तसंच!”

“मंग ढेकूळ निघंस्तवर?”

“वाफा वाळू द्यायचा नाही. त्यासाठीच तर आम्ही आहोत.”

“आसं हाय तर...” तो हसला. आता अगदी उघड. “लई बरं झालं झोपलो ते.”

त्याचं नाव गहिनीनाथ. माझं नाव गोजर. गोजर नावाच्या खेड्यातल्या मुलीने हातभर रेघा ओढून इस्पितळात बसावं, याचंही त्याला हसू आलं असणार.

लढाईचे दिवस होते. नगरच्या रस्त्यांवर लष्कराच्या गाड्यांची धूळ बसत नव्हती, आणि जखमी हातापायांना चोळणारी माणसं कमी पडत होती, म्हणून आमच्या इस्पितळात मालीश शिकवायचा वर्ग निघाला. आम्ही चारपाच मुली. पारनेरकडच्या आमच्या गावात मराठी फायनल झालेली मी एकटीच, म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, मोठ्या मिनतवारीने पाठवलं. वर्गात पहिली आले तर इस्पितळातच नोकरी मिळणार होती. नाहीतर परत गावी, खुरपं हातात. आणि मला खुरपं नको होतं. मला ते मेंदू, मज्जारज्जू, सगळ्या अंगभर पसरलेले तंतू हवे होते. कुठे काही दुखलं तर ते का दुखतं, हे कळणं मला फार आवडायचं.

परीक्षेला प्रत्येकीने आपला एक रोगी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांपुढे उभा करायचा होता. आमच्या शिक्षिका विजयाबाईंनी मला गहिनीनाथ दिला.

“हा तुझा, गोजर,” त्या म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक!

तो भिंगारला आत्याकडे राहून एक दिवसाआड यायचा. आत्या बनुबाई सोबत असायच्या. बाकावर बसायच्या आणि मी तेलाची वाटी घेते न घेते तोच झोपी जायच्या. मी त्याचं मनगट उशीवर उचलून ठेवायची, बोटांकडून कोपराकडे हलके हात फिरवायची. पहिल्या दिवशी फार जोर लावला तेव्हा विजयाबाई ओरडल्या होत्या, “कणीक तिंबतेस का? दबलेल्या तंतूला आणखी दाबशील!” तेव्हापासून मी जपून वागत होते. सोनईच्या मातीत वाढलेला तो रुंद हात माझ्या दोन्ही हातांत मावत नव्हता.

“तुमच्या हाताला काय येगळंच हाय.”

“तिळाचं तेल आहे.”

“तेल आमच्या घरीबी हाय की.”

“गप्प बसा. डोळे मिटा.”

त्याला डोळे मिटायला लावून मी कापसाच्या बोळ्याने त्याचा हात तपासायची. काही तंतू वरून हुकूम नेतात, काही खालून खबर आणतात. खबर आणणारे जागे झालेत का, ते असं बघायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली, पंजाच्या पाठीकडची जागा बधिर होती. तिथे कापूस लावला तरी त्याला कळत नव्हतं. मग हळूहळू तिथेही कळायला लागलं. मी हरखले. आता चार दिवसांत मनगटही उचलेल, असं विजयाबाई म्हणाल्या.

ते मी त्याला सांगितलं. तो खूश होईल असं वाटलं होतं. तो नुसता “बरं...” म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढच्या खेपेला मी करंगळीला कापूस लावला. “लागतं?”

“न्हाई.”

मी पुन्हा लावला. “आता?”

“कायसुदीक न्हाई.”

मी त्याचं कोपर चाचपलं. करंगळीचा तंतू निराळा. तो कोपराच्या खोबणीतून येतो, आणि तो तर आजवर धडधाकट होता! म्हणजे कोपराशी हात फिरवताना मीच तो दुखावला? दबलेला एक सोडवता सोडवता दुसरा घालवला? मी कशीबशी मालीश उरकली आणि खोलीवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. परीक्षेसाठी रडले असं कुणाला सांगितलं असतं तर खोटं ठरलं असतं. त्या हाताने उद्या कासरा धरायचा होता, मोट हाकायची होती, आणि तो मी बिघडवला, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

तो पुन्हा आला तेव्हा माझे डोळे सुजलेले होते. मी भीतभीत विचारलं, “आज कुठवर बधिर आहे?”

त्याने डाव्या हाताच्या बोटाने मनगटाभोवती गोल दाखवलं. “हितनं खाली समदंच गेलं.”

मी त्या गोल रेघेकडे पाहत राहिले. गोल! बांगडीसारखी! पंजात तीन तंतूंची तीन वावरं, प्रत्येकाचा बांध वेगळा, आणि प्रत्येक बांध उभा. मनगटाला गोल वेढा घालून थांबणारा तंतू माणसाच्या अंगात नाहीच. देवाने तसा घडवलेलाच नाही.

म्हणजे...

मी कापसाचा बोळा उचलला. “डोळे मिटा. लागतं तिथं ‘हो’ म्हणा. लागत नाही तिथं ‘न्हाई’ म्हणा.”

त्याने इमानदारीत डोळे मिटले. मी करंगळीला बोळा टेकवला.

“न्हाई.”

अंगठ्याला.

“न्हाई.”

तळव्याच्या मध्यावर, अगदी अलगद.

“न्हाई.”

मी थांबले. तोही गप्प. पुन्हा मधल्या बोटाच्या टोकाला नुसता स्पर्श केला.

“न्हाई.”

“लागत नाही तर मी हात कधी लावला, ते कसं कळतं हो तुम्हाला?”

त्याने डोळे उघडले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. बाकावर बनुबाई घोरत होत्या.

“हात बरा झाला की सोनईला जावं लागंल,” तो खाली मान घालून म्हणाला. “मंग... मंग एक दिवसाआड कोन दिसंल?”

माझं काळीज धडधडत होतं, पण रागही अनावर झाला होता. “मी रडले तुमच्यापायी! वाटलं, मीच तुमचा हात घालवला. परवापासून जेवले नाही मी!”

तो एकदम उभाच राहिला. “माज्यापायी? जेवला न्हाई?” माझे सुजलेले डोळे त्याने आता पाहिले. “माझं डोस्कं फिरलं हुतं बगा. तुमाला आसं वाटंल ह्ये मला सुचलंच न्हाई. चुकलो.” आणि तो उजवा हात, तो मेला खोटारडा हात, मनगटातून हळूच वर उचलला गेला. थरथरत, पण उचलला गेला. त्याने दोन्ही हात जोडले.

मला पुन्हा रडू आलं. कशाचं ते विचारू नका.

परीक्षेच्या दिवशी पुण्याचे डॉक्टर चष्म्यावरून बघत होते. गहिनीनाथने मनगट उचललं, बोटं उघडली, मिटली. डॉक्टरांनी मला तंतूंची वाट विचारली. मी मानेपासून अंगठ्यापर्यंत न अडखळता सांगितली. मग त्यांनी माझ्या हातात त्याची नाडी दिली.

“मोज. जलद आहे ना? ताप नाही, पळून आलेला नाही. का बरं?”

माझ्या बोटांखाली ती नाडी नुसती उधळली होती. माझी स्वतःची काही वेगळी नव्हती.

“काही तंतू आपल्या हुकमात नसतात,” मी म्हणाले. “मनगट उचलायचं की नाही हे आपण ठरवतो. काळजाने किती धडधडायचं, हे... ते आपल्याला विचारत नाहीत.”

“बरोबर,” डॉक्टर म्हणाले, आणि गालातल्या गालात हसत पुढच्या मुलीकडे वळले. मी पहिली आले.

दुपारी गहिनीनाथ निरोप घ्यायला आला. चिंचेखालीच. बनुबाई फाटकाशी गाठोडं घेऊन उभ्या होत्या आणि आज कधी नव्हे त्या टक्क जाग्या होत्या.

“नोकरी लागली म्हनं.”

“लागली. आणि मी ती सोडणार नाही.” हे त्याला आधीच सांगायला हवं असं मला वाटलं.

“कोन म्हनतंय सोडा? मी गूळ घेऊन दर बाजाराला येतोच की. मोटार जाती सोनईला, सोनईवरनं येतीबी.” तो थांबला. “आत्या म्हनती, पारनेरला तुमच्या आबांस्नी भेटून यीन. पर आदी तुमास्नी इचारल्याबिगर जायाची न्हाई.”

चिंचेचा पाला माझ्या खांद्यावर पडत होता.

“बाई, डोळं मिटा,” तो म्हणाला. “आता माजी पाळी. लागतं तितं व्हय म्हना. न लागंल तितं न्हाई म्हना.”

मी डोळे मिटले. हात पुढे केला. परीक्षेच्या अभ्यासात काढलेल्या निळ्या रेघेची पुसट खूण त्यावर अजून होती. तो वाट पाहत होता. मीही.

“हो,” मी म्हणाले.

“आवं, पर...” तो गडबडला. “आजून हात लावलाच न्हाई मी.”

“ठाऊक आहे,” मी डोळे न उघडता म्हणाले.