पुराची रेघ घसरली कशी?

"मी यातली एकही वस्तू खाली नेणार नाही!" नूतनने कपाटासमोर दोन्ही हात पसरले.

दिनानाथ सर चष्म्यावरून बघतच राहिले. हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या शाळेत मुख्याध्यापकांसमोर असं तोंड वर करून कुणी बोलत नसे, सातवीतली पोर तर नाहीच! मेच्या सुट्टीत नूतन आणि सोहमला त्यांनी बोलावलं होतं ते प्रयोगाचं सामान वरच्या मजल्यावरून नव्या प्रयोगखोलीत हलवायला.

सामान कसलं, भंगारच! पण गेल्या वर्षी उल्हास नदीचा पूर शाळेत घुसला, जुनी प्रयोगशाळा चिखलात गेली, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या श्रद्धाबाईंनी वर्गाला हाताशी धरून हे सगळं पुन्हा उभं केलं होतं. वाट्यांचे तराजू, झाडूच्या काड्यांचे त्रिकोण आणि घन, कॅम्प दोन भागातल्या दुकानांतून आणलेल्या जुन्या स्पीकरांमधली लोहचुंबकं. एकेक वस्तू मुलांच्या हातची होती. ती पुन्हा चिखलातून वेचायची नूतनची मुळीच तयारी नव्हती.

"अगं, नवी खोली पुराच्या रेघेपेक्षा अर्धा फूट उंच आहे," सर म्हणाले.

"सर, ती रेघच खोटी आहे!"

पूर ओसरल्यावर फाटकाच्या खांबावर मुलांनी निळी रेघ मारली होती. या सुट्टीत शाळेला रंग लागला आणि रेघही नव्याने रंगवली गेली. आज येताना नूतन सहज त्या खांबाला टेकली, तर काय! गेल्या वर्षी हनुवटीला लागणारी रेघ कोपरापाशी!

नवी खोली बांधणारे ठेकेदार राजेंद्रशेठ शेजारीच उभे होते, ते पोट धरून हसले. "अगं, वर्षभरात तू वाढलीस!"

"वाढले ना! सहा सेंटीमीटर." नूतनने वही फडकन उघडली. श्रद्धाबाई दर महिन्याला सगळ्यांची उंची मोजून आलेख काढायला लावत. "मी वाढले सहा सेंटीमीटर आणि रेघ घसरली चांगली फूटभर! हे कसं काय, काका?"

"आता पोरीच्या हनुवटीवरून बांधकाम करायचं का मी?" शेठ उखडले. "रंगवाल्याने मारली असेल अंदाजाने. चला, सामान उचला!"

"मोजून दाखवते!" माघार घ्यायची नाही हे नूतनचं पक्कं होतं. "मी चुकले तर सगळं सामान एकटी उचलीन."

"अर्धा तास देतो," सर म्हणाले.

शाळेसमोर, गल्लीच्या पलीकडे कौसाबाईंचं घर. त्यांच्या घरात एक रीत होती. पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं तिथे दाराच्या चौकटीवर कोयत्याने खाच पाडायची.

"ही बघ गो, गेल्या सालची," कौसाबाईंनी खाचेवर बोट ठेवलं. "माझ्या हातची हाय. ही कोन पुसनार?"

"पण खाच इकडे आणि खोली तिकडे! खाच उचलून न्यायची काय?" सोहमने डोकं खाजवलं.

"हो, उचलूनच न्यायची!" नूतन म्हणाली. "पुराचं पाणी गल्लीच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर होतं ना? गवंडी लेव्हल बघतात ती पारदर्शक नळी आण."

"अरे हो यार! वर्गात केलंय की आपण! नळी कशीही वाकवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत!"

पाण्याने भरलेली लांब नळी गल्लीतून टाकली. एक टोक नूतनने खाचेशी धरलं, दुसरं सोहमने नव्या खोलीच्या चौकटीशी. कौसाबाईंनी तांब्याने पाणी ओतून ते खाचेला भिडवलं.

"नूतन," सोहमचा आवाज पडला, "इथे पाणी लादीच्याही खाली आहे गं!"

"झालं समाधान?" गल्लीत उभे असलेले शेठ गरजले. "उचला सामान!"

नूतनचं तोंड एवढंसं झालं. तिने आणखी थोडं पाणी ओतून पाहिलं. तिच्याकडचं पाणी खाचेच्या वर चढलं.

"सोहम, हललं का?"

"ढिम्म नाही!"

इकडे ओतायचं आणि तिकडे हलायचं नाही? हे कसं शक्य आहे? तिची नजर नळीवरून सरकत सरकत गल्लीच्या मध्यावर गेली आणि तिथे एका चकचकीत बुटापाशी थांबली.

"काका, नळीवरचा पाय काढा आधी!"

शेठ दचकून बाजूला झाले. नूतनकडचं पाणी गुडगुड करत उतरलं. कौसाबाईंनी ते पुन्हा खाचेपर्यंत भरलं.

"चढतंय! चढतंय!" सोहम ओरडला. "लादीच्या वर गेलं! आणखी वर! थांबलं!"

सरांनी स्वतः वाकून पट्टी लावली. "पंधरा सेंटीमीटर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे गेल्या वर्षीसारखा पूर आला, तर या खोलीत अर्धा फूट पाणी."

शेठ काहीतरी पुटपुटू लागले, पण सरांनी हात वर केला. "जमीन उंच करा. तोवर एक काडीही हलणार नाही." मग ते नूतनकडे वळले. "तुला उद्धट म्हणणार होतो मी."

"म्हणा ना सर! सामान तर वाचलं!"

"नाही म्हणणार. श्रद्धाबाईंना आजच फोन करतो. त्यांचा वर्ग माझ्यापेक्षा नीट बघतो. शाबास, पोरांनो!"

कौसाबाई गल्ली ओलांडून आल्या, हातात कोयता घेऊनच. "मास्तर, रंगाची रेघ कवाबी खाली सरकंल. हितं बी खाच पाडा."

सरांनी कोयता राजेंद्रशेठच्या हाती दिला. "तुम्हीच पाडा. ही सांगेल तिथे."

शेठनी कोयता उचलला.

"थांबा काका!" नूतन ओरडली. "आधी खाली बघा, पाय नळीवर नाही ना?"