तातेराव उर्दू शिकले

डोंगरकड्याचे तातेराव आणि त्यांचा चुलतभाऊ एका चिंचेच्या झाडासाठी कित्येक वर्षं भांडत होते. झाड कधीच वाळून गेलं होतं. खटला मात्र हिरवागार होता.

राज्य निजामाचं, कचेरीचं कामकाज उर्दूत. मागच्या पेशीला वकील काय बोलतोय ते न कळता तातेराव "बराबर, बराबर" म्हणत मान हलवत राहिले, आणि बाहेर आल्यावर त्यांना कळलं की अर्धं झाड गेलं. पुढच्या पेशीला आपणच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं आणि शिकवणीसाठी मला घरी ठेवून घेतलं. माझी उर्दू मिडलच्या परीक्षेत तीनदा नापास होऊन चांगली पक्की झाली होती.

माझी रीत सोपी होती. वस्तू हातात घ्यायची, नवा शब्द घोकायचा. तो पाठ झाला की जुना शब्द त्या घरात कोणी उच्चारायचा नाही. उच्चारला तर स्वतःचा कान धरायचा. शाळेत मला असंच शिकवलं होतं. माझे कान पाहिले तर पटेल.

पहिला शब्द घेतला नमक. त्या दिवशी वरण अळणी झालं. मी विसरून म्हणालो, "बाई, जरा मीठ द्या."

तातेरावांची बायको नर्मदाबाई. तेलंगणातून आलेल्या वाटसरूकडे पाहावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हन्लात?"

"मीठ."

"ते काय असतंय?"

तातेराव खूश झाले. "बघा मास्तर! मी शिकून राहिलो, तं बायको बी नियम पाळून राहिली. धरा कान!"

मी धरला.

मग झाडाचं दरख्त झालं, साक्षीदाराचा गवाह झाला, सावलीचा साया झाला, दाराचा दरवाजा झाला. नर्मदाबाईच्या बोलण्यात 'ते' वाढत गेलं. ते लावा, ते आणा, त्याच्याखाली बसा. शेजारच्या गोजरबाईंनी ओट्यावरून विचारलंसुद्धा, "काहून गं, जीभ गहाण टाकली का काय?" नर्मदाबाई हसली नाही.

मला वाटलं, बाई चेष्टा करतेय. चेष्टा करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण खात्री करून घ्यावी म्हणून एका सकाळी ती जात्यावर बसलेली असताना मी मागून हळूच म्हणालो, "नर्मदाबाई, तुमच्या पाठीवर विंचू."

बिच्छू मी तातेरावांना आदल्या दिवशीच शिकवला होता. खटल्यात त्याचं काही काम नव्हतं.

जातं त्याच चालीनं फिरत राहिलं. पीठ पडत राहिलं. तिची लेक, तीनेक वर्षांची शकू, मात्र किंचाळून उठली आणि आईची पाठ झटकू लागली. हे लेकरू काय करतंय ते नर्मदाबाईला कळेना.

मग तिनं खुंटा सोडला. "मास्तर, मला ऐकू येतंय. पन आत कायी उतरत न्हाई. ह्यान्ला थांबवा."

मी तातेरावांना सांगितलं. ते गवाहाचं वाक्य घोकत होते.

"पेशी होऊ द्या. मग देतो तिचे समदे शब्द वापस."

वापस द्यायला ते कुठे ठेवलेत, हे मी विचारायला हवं होतं. मी पुढचा धडा घेतला.

पेशीला तातेराव असे बोलले की कागद लिहिणाऱ्या पेशकारानं मान वर करून पाहिलं. वाळकं झाड पुरं त्यांचं झालं. घरी येऊन त्यांनी हे सारं बायकोला सांगितलं. पत्र्यावरचा पाऊस ऐकावा तसं तिनं ऐकलं. 'ते'सुद्धा म्हणाली नाही.

तातेराव ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"मास्तर, आता हिला शिकवा. मराठी."

मी तिच्या तळहातावर चिमूट ठेवली. "मीठ."

तिनं जिभेला लावलं. "मीठ," ती म्हणाली, आणि रडली. तातेरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. त्याच बैठकीला दार झालं. भाकर झाली.

जेवताना शकू रोज मीठ मागायची. त्या दिवशी तिनं हात पुढे केला, तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

मग तिनं भाकरीकडे बोट केलं. नुसतं बोट.

"तातेराव, थांबू या."

"लेकरू हाय. शिकंल पुन्ना."

"कोणाकडून?"

घरात माणसं चारच होती, त्यात मी एक.

दुसऱ्या दिवशी मी बोचकं बांधून ओट्यावर आलो. नर्मदाबाई आडवी आली. तिनं शकूला मांडीवर घेतलं, तिच्या छातीवर बोट ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

मी ओठ मिटले.

"सांगा की, मास्तर," तातेराव म्हणाले. "माय हाय ती."

मी मानेनंच नाही म्हटलं.

नर्मदाबाईनं पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा.

शकूला आईची दया आली असावी. तिनं आईची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली आणि, लहान पोराला सांगावं तसं, सावकाश सांगितलं.

"शकू."

"शकू," नर्मदाबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "शकू! शकू!"

पोरीनं मागे वळून पाहिलं, कोणाला हाक मारली ते.