आसनांवरचे खळगे

आखातातल्या सलमाबादच्या एका गोदामात दगडाची छत्तीस आसने अर्धवर्तुळात मांडलेली होती. समुद्रापलीकडच्या एका देशातील, दोन सहस्रकांपूर्वीच्या रोमन नाट्यगृहाची ती आसने भूकंपात विखुरली आणि जहाजाने हिद्दच्या बंदरात उतरून दुरुस्तीसाठी येथे आली. प्रत्येक आसनाच्या मध्यभागी एक उथळ खळगा होता. शतकानुशतके माणसे तेथे बसली, उठली; त्यांच्या बसण्यानेच दगड झिजला होता. दगडांच्या जतनात तीस वर्षे घालवलेल्या पुण्याच्या चारुलताबाई रोज सकाळी पट्टी आडवी धरून त्या खळग्यांची खोली मोजीत आणि वहीत लिहीत. बारा मिलिमीटर. अकरा. बारा. देवासमोर दिवा लावावा, इतक्या निष्ठेने.

दुरुस्तीचे कंत्राट घेतलेल्या कंपनीचा व्यवस्थापक जयेश याला मात्र ते खळगे म्हणजे दोष वाटत. त्याच्या तपासयादीत 'पृष्ठभाग सपाट' असे कलम होते.

"मॅडम, एवढे खड्डे नाट्यगृहाच्या ओपनिंगला कसे दाखवू? सिमेंट भरा, घासा, खलास."

"त्या खड्ड्यांसाठीच तर लोक येणार आहेत."

"लोक बसायला येतात, मॅडम."

कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवीत तो गेला. गवंडी खंडू हातातला चुना झटकत म्हणाला, "ताई, सायेब जवळ आलं का लांब गेलं, डोळं मिटूनबी कळतंय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी पुढच्या आसनावर आडवी धरली.

रविवारी जयेशने स्वतः उभे राहून पहिल्या आसनात सिमेंट भरून घेतले. सोमवारी सकाळी सिमेंट जागच्या जागी होते, करडे, टणक. पण मध्यभागी झिजलेले. भुकटी नाही, ओरखडा नाही. हात फिरवला तर गुळगुळीत. बाईंनी पट्टी धरली. बारा. वहीतली जुनी नोंदही बाराच होती.

"रात्री येऊन घासलंस ना?" जयेश खंडूवर तडकला.

"किल्ली तुमच्यापाशी हाय, सायेब."

पुन्हा सिमेंट भरले. मंगळवारी पुन्हा बारा.

गुरुवारी घासायचे यंत्र आले, आणि सोबत एक कागद. सगळे खळगे घासून सपाट करण्यास जतनतज्ज्ञाची संमती आहे, असा मजकूर होता. एका सहीचा अवकाश, की दोन हजार वर्षांचे बसणे तासाभरात धूळ होणार होते.

"सही करा. नाहीतर तुमच्या व्हिसाचं मला वर बोलावं लागेल."

"बोला." बाईंनी कागद त्याच्या हातात परत दिला. "या दगडांना हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

जयेश हसला. एका तुटलेल्या आसनाच्या जागी कालच कापून आणलेला नवा, कोरा, सपाट दगड बसवला होता. त्यावर तो ऐसपैस बसला.

"तुमची सही होईपर्यंत मी इथून उठत नाही. बघू कोण आधी दमतं."

त्या बाहेर आल्या. अंगणातल्या नळावर हात धुतले, पुन्हा धुतले. खंडू सावलीत उभा होता. गोदामाला दार एकच, आणि ते दोघांच्या डोळ्यांसमोर होते. वीस मिनिटे गेली असतील. आतून किल्ल्या वाजत होत्या.

मग वाजायच्या थांबल्या.

दोघे आत गेले.

आत कोणी नव्हते. शेजारच्या आसनावर कागद होता, त्यावर पेन.

नव्या दगडात खळगा पडला होता.

बाई वाकल्या. पृष्ठभाग गुळगुळीत, थंड. उजव्या अंगाला तीन किल्ल्यांचा ठसा उमटला होता. त्याच्या कडा शतकांच्या झिजेने असाव्यात तशा गोल झालेल्या.

सवयीने त्यांनी पट्टी धरली. बारा.

"ताई, सायेब कुठं गेलं?"

त्यांनी पेन उचलले. कागदाकडे पाहिले, मग अर्धवर्तुळात बसलेल्या त्या छत्तीस दगडांकडे. पुन्हा एकदा पट्टी धरली.

तेरा.

खंडूचा आवाज अगदी खाली गेला. "सही केली तर उठतील का?"

चारुलताबाईंनी कागदाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली. मग वही उघडून नव्या दगडापुढे तेरा लिहिले, आणि पेनाला टोपण लावले.